आमच्या वस्त्यांवर पीएच.डी. करणाऱ्यांना नीतीचे धडे कोण देणार?

हिंजवडी म्हटले की डोळ्यांपुढे राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती येतात. मुळशी तालुक्यातील हिंजवडी, माण या गावांच्या शेतजमिनींवर उभ्या राहिलेल्या या नगरीत संगणकापुढे बसणारा तरुण साऱ्या जगाला दिसतो. पण त्याच इमारतीतले संडास धुणारी बाई, दारावर बारा-बारा तास उभा राहणारा सिक्युरिटी गार्ड, कॅन्टीनमध्ये ताटे विसळणारा पोरगा, नव्या टॉवरच्या सळया बांधून रात्री पत्र्याच्या खोलीत झोपणारा मजूर कुणाला दिसत नाही. दिसलाच तर तो एकाच माणसाला दिसतो. आपल्या प्रकल्पासाठी 'सॅम्पल' शोधत फिरणाऱ्या विद्यार्थ्याला!

पुणे हे विद्येचे माहेरघर म्हणवते. विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे, व्यवस्थापनाच्या आणि समाजकार्याच्या संस्था या परिसरात दाटीने उभ्या आहेत. खुद्द हिंजवडीत व्यवस्थापन आणि माहिती-तंत्रज्ञान शिकवणाऱ्या संस्था आहेत. एमबीएला प्रकल्प हवा, एमएसडब्ल्यूला फील्डवर्क हवे, पीएच.डी.ला प्रबंध हवा. मग कंत्राटी महिला कामगारांचे आरोग्य, स्थलांतरित मजुरांचे राहणीमान, सफाई कामगारांची मानसिकता असे विषय निघतात. हे विषय वाईट आहेत असे कुणीच म्हणणार नाही. उलट आमच्या लोकांचे प्रश्न अभ्यासले गेलेच पाहिजेत. प्रश्न वेगळा आहे. हातात छापील फॉर्म घेऊन आमच्या माणसासमोर उभ्या राहणाऱ्या या संशोधकाला, माणसाला प्रश्न कसा विचारावा, कधी विचारू नये आणि मिळालेले उत्तर कसे जपावे, हे कुणी शिकवले आहे काय?

एकाच रस्त्यावर दोन न्याय

याच हिंजवडीत जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी आहे. कोरोनावरची देशातली पहिली एमआरएनए लस या कंपनीने बनवली आणि जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. त्याआधी सुमारे ४,००० स्वयंसेवकांवर तिची चाचणी झाली. अशा चाचणीला कायद्याची चौकट आहे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची, म्हणजेच एथिक्स कमिटीची मंजुरी घेतल्याशिवाय कुणाच्याही दंडात सुई टोचता येत नाही. समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यातले निम्मे संस्थेच्या बाहेरचे लागतात. एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक आणि एक महिला असावी लागते. माणसाला त्याच्या भाषेत माहिती द्यावी लागते, त्याची लेखी संमती घ्यावी लागते आणि इजा झाली तर भरपाई द्यावी लागते.

ही चौकट सरकारच्या दयेने आलेली नाही. औषधचाचण्यांत गरिबांचा वापर होतो म्हणून स्वास्थ्य अधिकार मंच ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला फटकारले, तेव्हा कुठे नियम कडक झाले.

आता त्याच रस्त्यावर शंभर पावले पुढे या. एखाद्या महाविद्यालयाचा विद्यार्थी सफाई करणाऱ्या बाईला विचारतो आहे. पगार किती मिळतो? जात कोणती? नवरा मारतो काय? सुपरवायझर त्रास देतो काय? आरोग्याशी संबंध नसलेल्या अशा संशोधनाला वरच्यासारखे कायदेशीर बंधन नाही. आरोग्याशी संबंध असेल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. समाजशास्त्र, व्यवस्थापन, वाणिज्य, संगणकशास्त्र यांच्या बाबतीत सारे काही त्या त्या संस्थेच्या मर्जीवर. संस्थेची समिती असेल तर असेल, नसेल तर नसेल. सुईला परवानगी लागते, प्रश्नाला मात्र लागत नाही!

चोरी वाक्याची आणि चोरी आयुष्याची

मग विद्यापीठ अनुदान आयोगाने काहीच केले नाही काय? केले आहे. काय केले ते नीट पाहिले पाहिजे, कारण या व्यवस्थेला कशाची चिंता आहे हे त्यातूनच कळते.

२०१८ मध्ये आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियमावली काढली. प्रबंधातला १० टक्क्यांपर्यंतचा सारखेपणा माफ, ४० टक्क्यांपर्यंत एक शिक्षा, ६० टक्क्यांपर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. संगणकावर प्रबंध घालून टक्केवारी काढली जाते. त्यानंतर २०१९ च्या अखेरीस आयोगाने पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकासाठी 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन क्रेडिटचा, ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याचे सहा घटक आहेत. तत्त्वज्ञान व नीती, वैज्ञानिक आचरण, प्रकाशनाची नीती, मुक्त प्रकाशन, प्रकाशनातील गैरप्रकार, आणि माहितीसंच व संशोधनाची मोजमापे. ज्याच्यावर संशोधन करायचे त्या जिवंत माणसाशी कसे वागावे, यासाठी या सहांत एकही स्वतंत्र घटक नाही.

याचा अर्थ काय? दुसऱ्या प्राध्यापकाचे वाक्य चोरले तर शिक्षा. त्यासाठी नियमावली, संगणक, समिती, टक्केवारी असे सारे काही आहे. पण आमच्या आईचे आयुष्य तिला न सांगता, तिला न समजावता उचलून प्रबंधात घातले तर त्याची टक्केवारी कोणता संगणक काढणार? वाक्याचा मालक प्राध्यापक असतो, म्हणून त्याच्या वाक्याला संरक्षण. आयुष्याची मालकीण झाडूवाली असते, म्हणून तिच्या आयुष्याला संरक्षण नाही. ज्ञानाच्या मालकीची ही जुनीच वाटणी आहे. नाव मात्र नवे दिले आहे.

शिवाय हा अभ्यासक्रम पीएच.डी.साठी आहे. वस्तीत, नाक्यावर, कंपनीच्या गेटवर प्रत्यक्ष येणाऱ्यांत एमए, एमबीए, एमएसडब्ल्यू आणि इंजिनिअरिंगची विशी-बाविशीतली मुलेच फार असतात. त्यांच्यावर कुठलीच सक्ती नाही.

प्रश्न विचारल्याने काय बिघडते?

काही विद्वान म्हणतील, औषधाने माणूस दगावू शकतो, प्रश्नाने काय बिघडते? ज्यांना कधी कुणी असे प्रश्न विचारले नाहीत त्यांना हे सुचणे साहजिक आहे. म्हणून थोडे तपशिलात जाऊ.

समजा, संशोधक कंपनीची परवानगी घेऊन आला. कंत्राटदाराच्या मुकादमाने दहा बायका रांगेत उभ्या केल्या आणि सांगितले, "ताई विचारतील त्याची उत्तरं द्या." या बायकांची संमती घेतली असे फॉर्मवर लिहिले जाईल. पण ज्याच्या हातात उद्याची हजेरी आहे त्याच्यासमोर नाही म्हणण्याची सोय तरी कुठे आहे? जिथे नाही म्हणता येत नाही, तिथल्या होकाराला संमती म्हणत नाहीत.

समजा, एखादा तरुण आयटी कंपनीत नोकरीला आहे. आडनावावरून जात कळत नाही, त्यानेही ती सांगितलेली नाही. संशोधकावर विश्वास ठेवून तो टीममध्ये ऐकलेले आरक्षणावरचे टोमणे सांगतो. संशोधक नाव गाळतो आणि लिहितो, 'हिंजवडीतील अमुक प्रकारच्या कंपनीतील, नांदेड जिल्ह्यातील, बौद्ध समाजातील, २९ वर्षांचा टेस्टिंग इंजिनिअर.' त्या मजल्यावर असा माणूस एकच असेल तर नाव गाळून काय लपले? आमचा माणूस वरच्या जागी एकटाच असतो, म्हणून त्याला ओळखणे सोपे असते. अमुक गावची दलित महिला सरपंच असे लिहिले की सारा तालुका तिला ओळखतो. बहुसंख्याकांसाठी पुरेशी असलेली काळजी आमच्यासाठी पुरेशी नसते. हे शिकवावे लागते, आपोआप कळत नाही.

आणि तिसरे उदाहरण सर्वांत गंभीर आहे. अत्याचारग्रस्त कुटुंबाला पोलिसांसमोर, वकिलासमोर, पत्रकारांसमोर, नेत्यांसमोर तेच ते सांगावे लागते. मग रेकॉर्डर घेऊन संशोधक येतो. वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला कायद्याने संरक्षण आहे. संशोधकाच्या वहीला तसे संरक्षण नाही. रडत रडत सांगताना एखादी तारीख, एखादे नाव इकडेतिकडे झाले आणि ते प्रबंधात छापले गेले, तर उद्या आरोपीचा वकील तोच प्रबंध हातात घेऊन साक्षीदाराला खोटे पाडायला उभा राहू शकतो. अॅट्रॉसिटीचा खटला चालू असताना फिर्यादीची मुलाखत घ्यावी की नाही, घेतली तर काय लिहावे आणि काय लिहू नये, याचे ज्ञान नसलेला संशोधक कितीही सहृदय असला तरी आमच्यासाठी धोकादायक आहे.

बिनमाहितीच्या प्रयोगाला जातीची वस्तीच लागते असेही नाही. २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांना न सांगता त्यांच्यापुढे येणाऱ्या मजकुरात फेरफार केला आणि त्यांच्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो ते मोजले. २०१४ मध्ये तो निबंध छापून आला. त्यात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित संशोधक होते. खूप गदारोळ झाला. हिंजवडीच्या संगणकांवर जगभरच्या माणसांची माहिती रात्रंदिवस चाळली जाते. त्या तरुणांना पडद्यावरच्या रांगेमागे माणूस आहे हे कोण शिकवणार? आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संशोधनाला अटींसह सूट दिलेली आहे. सूट कायद्याने दिली, पण तिचा वापर जबाबदारीने करायचे प्रशिक्षण कुणी द्यायचे?

मराठवाड्यातल्या बायका

आता महाराष्ट्राच्याच मातीत घडलेले एक उदाहरण पाहू. २००० च्या सुमारास उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांची गावे ५२ समूहांत विभागून त्यांचे चार गट केले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्या गटाला तपासणी नाही, नेहमीची जी काही आरोग्यसेवा असेल ती.

एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ महिलांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ महिलांपैकी ६४ दगावल्या. एकाच तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे सिद्ध झाले. विज्ञानाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे आणि जगभरातील स्त्रियांना तिचा उपयोग झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या ६४ जणींचे काय? श्रीमंत देशांत पॅप तपासणीने हा कर्करोग कित्येक दशकांपूर्वीच आटोक्यात आला होता. मग हजारो बायकांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजण्याची गरज होती काय?

मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही टाटा मेमोरियलने १९९८ पासून असाच अभ्यास केला. त्यात ७६,१७८ महिला तपासणीविना ठेवलेल्या गटात होत्या. एका अमेरिकन डॉक्टरने तक्रार केल्यावर अमेरिकेच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने चौकशी केली आणि महिलांना दिलेली माहिती पुरेशी नव्हती असे म्हटले. मुंबई, उस्मानाबाद आणि तामिळनाडूतील तिसरा अभ्यास मिळून तपासणी न झालेल्या गटांत किमान २५४ महिला मरण पावल्या, असा हिशेब २०१४ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये मांडला गेला. संशोधकांचे उत्तर असे होते की, देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे कुणाकडून काही काढून घेतले नाही.

हे उत्तर नीट ऐका. 'तुम्हाला आधीच काही मिळत नव्हते, म्हणून आम्ही काही दिले नाही तर अन्याय होत नाही.' शतकानुशतके वंचित ठेवलेल्यांच्या वंचिततेचाच येथे आधार घेतला गेला. आणि ध्यानात घ्या, या अभ्यासांना नीतिमत्ता समित्यांची मंजुरी होती. म्हणजे समिती असून भागत नाही. समितीतल्या माणसांना आणि संशोधकांना न्याय म्हणजे काय हे शिकवले आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

शेजारच्या आंध्र प्रदेशातील, आता तेलंगणात असलेल्या खम्मम जिल्ह्याचे उदाहरण तर वसतिगृहांशी निगडित आहे. २००९ मध्ये पाथ या अमेरिकन संस्थेने तेथे मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला. त्यात आदिवासी मुलींची संख्या मोठी होती. संसदीय समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला. आंध्रातील ९,५४३ संमतीपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आईबाप जिवंत, मुलगी हजर आणि सही वॉर्डनची! आमची किती मुले-मुली समाजकल्याणच्या वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत आहेत? त्यांच्या वतीने कुणी सही करायची, हे त्यांच्या अधीक्षकाला कुणी शिकवले आहे?

आपला माणूस असला म्हणजे झाले काय?

येथे आपल्यातलेही काही म्हणतील, उच्चवर्णीय संशोधक असेच वागणार, आपली मुले संशोधक झाली की प्रश्न मिटेल. हा समज धोक्याचा आहे. त्यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास वाचावा.

अलाबामा राज्यात १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने ३९९ कृष्णवर्णीय सिफिलिस रुग्णांचा 'अभ्यास' केला. तुलनेसाठी आणखी २०१ जण होते. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले नाही. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे खात्रीचे औषध आले, तरी ते दिले नाही. माणसे कशी मरतात ते ४० वर्षे बघत बसले. या कामाला जागा व मदत दिली ती टस्कगी इन्स्टिट्यूटने, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या उद्धारासाठी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उभारलेल्या संस्थेने. आणि त्या रुग्णांना घरून आणणारी, त्यांचा विश्वास सांभाळणारी परिचारिका कृष्णवर्णीयच होती. आपला माणूस मध्ये असल्यामुळे लोकांना संशय आला नाही.

१९७२ मध्ये, म्हणजे इकडे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, हे प्रकरण वर्तमानपत्राने उघडकीला आणले. १९७४ मध्ये अमेरिकेने कायदा केला. १९७९ च्या बेल्मॉन्ट अहवालाने तीन तत्त्वे सांगितली. व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय. न्याय म्हणजे संशोधनाचा भार एका समाजाने वाहायचा आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा असे होता कामा नये. ऑक्टोबर २००० पासून तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने माणसांवर संशोधन करणाऱ्यांना असे प्रशिक्षण घेतल्याशिवाय निधी देणे बंद केले. आज तेथील विद्यापीठांत हे प्रशिक्षण सर्रास बंधनकारक आहे. त्यातही एक खोट आहेच. संगणकावर काही पाने वाचायची, प्रश्नांवर खुणा करायच्या, प्रमाणपत्र छापायचे आणि मोकळे व्हायचे. आपल्याकडे नक्कल करायची तर ती या खोटीची होऊ नये.

आपल्या मुलामुलींनी पीएच.डी. करावी, आपल्या समाजावर लिहावे. पण वस्तीत वाढलो म्हणून वस्तीच्या वतीने संमती देण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही. उलट आपल्या माणसावर लोक लवकर विश्वास ठेवतात, चहा पाजतात, घरातले सांगतात. म्हणून त्याची जबाबदारी दुप्पट आहे.

मोजपट्टी कुणाच्या हातात?

संशोधनाला आपण घाबरण्याचे कारण नाही. ब्रिटिश अमदानीत रिस्ले या अधिकाऱ्याने देशभर लोकांची नाके आणि डोकी मोजून जातींची उतरंड वंशावर बसवली. त्या माणसांना कुणी विचारले नव्हते की, बाबा, तुझे नाक कशासाठी मोजतो आहोत. बाबासाहेबांनी काय केले? १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचेच तक्ते घेतले आणि त्याच आकड्यांवरून दाखवून दिले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे दोन वेगळे वंश नाहीत. मोजणाऱ्याची पट्टी त्याच्यावरच उलटवली.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० मध्ये अहवाल आला आणि त्यात शिष्यवृत्त्या व वसतिगृहांच्या शिफारशी होत्या. लोकांनी सांगितलेले दुःख लोकांकडे शिफारशींच्या रूपाने परत आले. आमच्या वस्त्यांत होणाऱ्या संशोधनातले किती परत येते? प्रबंध ग्रंथालयात, पदवी संशोधकाला, बढती मार्गदर्शकाला. वस्तीत मात्र गटार होते तिथेच.

आणखी एक सावधगिरी हवी. नीतीच्या नावाखाली बलवानांना कवच मिळता कामा नये. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त आडनावे वेगळी. काही सवर्ण, काही दलित, काही मुस्लिम. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला. दलित नावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या उमेदवाराची एक तृतीयांशच! खासगी क्षेत्रात फक्त गुणवत्ता पाहिली जाते, हा दावा या अभ्यासाने उघडा पाडला.

या कंपन्यांना आधी सांगितले नव्हते. उद्या कुणी म्हणेल, 'कंपन्यांची संमती घेतली नाही, म्हणून असे संशोधन अनैतिक आहे.' संमती मागितली असती तर सत्य बाहेर आले असते काय? ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यापासून माहिती लपवणे आणि ज्याच्या हातात नोकऱ्यांची किल्ली आहे त्याची परीक्षा घेणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. कुठे संमती अटळ आहे, कुठे समितीच्या परवानगीने ती नंतर घेता येते, कुठे सार्वजनिक हित मोठे ठरते, हा फरक ओळखता येणे म्हणजेच नीतीचे शिक्षण. खुणा करण्याच्या प्रश्नपत्रिकेत तो येत नाही.

आमची मागणी

म्हणून विद्यापीठांकडे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाकडे चळवळीने स्पष्ट मागणी केली पाहिजे. माणसांवर संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पीएच.डी.चा असो, एमबीएचा असो की इंजिनिअरिंगचा, क्षेत्रात पाऊल टाकण्यापूर्वी हे प्रशिक्षण सक्तीचे करा. मार्गदर्शक प्राध्यापकालाही ते घ्यायला लावा, कारण विद्यार्थी त्याच्याच सांगण्यावरून जातो. प्रशिक्षण मराठीत द्या, कारण संमती मराठीत मागायची आहे. त्यात जात हा स्वतंत्र धडा ठेवा. बेल्मॉन्ट शिकवा, टस्कगी शिकवा, पण उस्मानाबाद आणि खम्ममही शिकवा. समाजशास्त्र आणि व्यवस्थापनाच्या संशोधनालाही नीतिमत्ता समिती बंधनकारक करा. या समित्यांत 'सामान्य नागरिक' म्हणून निवृत्त अधिकारी आणि संस्थाचालकांचे स्नेही बसवू नका. सफाई कामगारांच्या, बांधकाम मजुरांच्या, वस्तीतल्या महिलांच्या संघटनांचे प्रतिनिधी बसवा. रोजंदारीवरच्या माणसाचा तास घेतलात तर त्या तासाची मजुरी द्या. आणि प्रबंध पूर्ण झाल्यावर त्याचा सारांश मराठीत, वस्तीच्या विहारात किंवा समाजमंदिरात येऊन सांगण्याची अट घाला.

हे होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे काय? नाही. उद्या हिंजवडीच्या गेटवर, चाकणच्या कारखान्याबाहेर, तुमच्या वस्तीच्या तोंडाशी कुणी फॉर्म घेऊन आला तर त्याला हाकलू नका. बसायला द्या, पाणी द्या आणि त्याने प्रश्न विचारण्याआधी आपण पाच प्रश्न विचारा. तुम्ही कोण, कुठल्या विद्यापीठाचे? हे कशासाठी विचारता आणि पैसा कुणाचा आहे? माझे नाव-गाव-जात कुठे छापणार? मी नाही म्हटले किंवा मध्येच थांबलो तर माझे काही बिघडेल काय? आणि जे लिहाल ते मला परत आणून दाखवाल काय?

चांगला संशोधक या प्रश्नांनी आनंदेल. ज्याला राग येईल, त्याचे प्रशिक्षण तिथेच, आपल्या उंबरठ्यावर सुरू झाले असे समजा. प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक कामगार संघटनेच्या कार्यालयात हे पाच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून लावा. विद्यापीठाला नीतीचा अभ्यासक्रम तयार करायला किती वर्षे लागतील ते लागोत. आपला अभ्यासक्रम आजच तयार आहे.